एक नंबरचं घर

शरणबसवला सगळे शरणू म्हणायचे, आणि शरणूनं काहीही सांगितलं की आधी हसून घ्यायचे. खरं असो, खोटं असो, हसून घेतलेलं बरं, नाहीतर मागनं आपलंच हसं व्हायचं. पन्नाशीला टेकलेला गडी, पोट सुटलेलं, मिशीला दर रविवारी कलपाचा काळा हात, आणि डोळ्यांत मात्र सातवीतल्या पोराची खोड. अर्धी हयात गणपतीच्या हलत्या देखाव्यांत गेलेली. राक्षसाचा जबडा उघडायचा, देवाचा हात वर जायचा, त्यामागच्या मोटरी, पट्टे, चाकं सगळी शरणूची. एका वर्षी त्यानं कुंभकर्णाला मंडळाच्या अध्यक्षाचंच घोरणं लावलं. अख्ख्या गल्लीनं ते घोरणं ओळखलं. अध्यक्ष तेवढे म्हणत राहिले, "आवाज लई झकास धरलाय हां."

आता तो अंकिताच्या स्टुडिओत होता. अंकिता अहमदाबादला डिझाइन शिकून आली आणि सोलापुरात अक्कलकोट रोडला एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये तिनं दुकान मांडलं. दुकान कसलं, तर आकड्यांचं. आकडे घ्यायचे आणि त्यांना हलायला, बोलायला, उजळायला लावायचं. गेल्या साली तिनं घागरींचं झुंबर केलं होतं. आपण खाली उभं राहून आपल्या पेठेचं नाव घ्यायचं, मग तिथं नळाला जितक्या दिवसांनी पाणी येतं तितकी मिनिटं वरची घागर नुसतीच कलायची, कलायची, आणि शेवटी एक थेंब टाळक्यात पडायचा. लोकांनी रांगा लावून टाळकी पुढं केली.

ह्या खेपेला काम मोठं होतं. उजनीच्या पाण्यात गेलेलं एक गाव, खरातळं. त्या गावाचा नकाशा अंकितानं मागावर चादरीसारखा विणून घेतला आणि शेडभर जमिनीवर अंथरला. खाली नदी, वर देऊळ, मधे घरं. प्रत्येक घराच्या चौकटीखाली वजन ओळखणारी पट्टी, एक छोटा स्पीकर, एक छोटा माईक. तुम्ही घरावर पाय दिला की त्या घरातला आवाज उठायचा. कुठं जात्याची घरघर, कुठं शेळीचं बेंबाटणं, कुठं खोकला. तुम्ही काही बोललात तर घर हुंकार द्यायचं. आणि वरनं निळा उजेड, धरणातल्या पाण्याच्या रोजच्या पातळीवर चढणारा-उतरणारा. उन्हाळा चढेल तसं पाणी मागं सरायचं आणि एकेक घर उजेडात यायचं.

आता ह्या घरांची माहिती आली कुठनं? तर हिंदुराव खराताकडनं. गाव उठलं तेव्हा ऐन तिशीत असलेला माणूस, आता पुनर्वसनाच्या गावठाणात कट्ट्यावर बसून असायचा. त्यानं डोळे मिटले, नदीपासनं मनातल्या मनात वर चालत निघाला आणि बोटावर घरं मोजत गेला. "लाभ, दोन, तीन, चार…" आपल्याकडं खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ह्यात काय सांगायचं? पण ते टिपून घ्यायला बसलेली पोरगी पुण्याची. तिनं पहिल्या घराच्या नंबराच्या जागी सरळ 'लाभ' लिहिलं. कॉम्प्युटरला लाभ हा आकडा काही पचेना, ते घर बिननंबराचंच राहिलं. त्याला दोन दिसला, तीन दिसला, एक कुठं दिसेना. मग त्या शहाण्यानं काय करावं? दोनच्या आधी एक रिकामं घर स्वतःच बांधून टाकलं. नाव नाही, माणूस नाही. आणि घरं नदीकडनं वर मांडायची होती, म्हणून ते सगळ्यांच्या पुढं, पार नदीच्या तोंडाशी.

ही गंमत एकट्या शरणूच्या ध्यानात आली. दुसरा कुणी असता तर सांगून मोकळा झाला असता. शरणूनं गालात जीभ घातली आणि गप्प बसला. रिकामं घर! असलं घबाड त्याला जन्मात कधी मिळालं नव्हतं.

त्यानं त्या घराला म्हातारा दिला. गावठाणातल्या लोकांचे आवाज टिपलेले होतेच. हिंदुरावाचं खाकरणं घेतलं, कुणाचा खोकला, कुणाची मेंढरांना घातलेली हाळी, सगळं एकात एक मुरवलं, वर स्वतःचे शब्द घातले आणि आवाज खाली, खाली, विहिरीत उतरवावा तसा उतरवला. पहिली शिकार अंकिता. ती मोबाइलवर बोलत बोलत नदीकाठाला आली आणि जमिनीतनं आवाज आला, "कोण हाय रं? चपला भायेर काढ!"

मोबाइल एकीकडं, अंकिता एकीकडं.

"शरणूभाऊ!" ती ओरडली. मग तिलाच हसू आवरेना. "कधी सुधारणार तुम्ही? उद्घाटनाच्या आत काढून टाका हां हे."

"काढतो की," शरणू पडद्यामागनं म्हणाला. मागं त्याची टेबल-खुर्ची होती, सगळ्या घरांचे आवाज ऐकायचा हेडफोन होता आणि त्यानं आपल्या मौजेखातर लावून घेतलेला एक माईकही होता. म्हाताऱ्याच्या आवाजात तिथल्या तिथं बोलता येईल असा. हा माईक अंकिताला ठाऊक नव्हता. शरणूनं काढलं काहीच नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी एक पोरगी स्कूटीवरनं आजीला घेऊन आली. कुंभारीहून. पोरगी प्रियंका, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला होती. तिनं ह्या नकाशाचा व्हिडिओ मोबाइलवर बघितला आणि आजीला दाखवला. तेव्हापासनं आजीनं जीव खाल्ला होता.

"उद्घाटन पुढल्या आठवड्यात हाय ना, पण ही थांबतच नाही," प्रियंका म्हणाली. "हिचं गाव हे."

"या की अव्वा, या," शरणू म्हणाला. अंकिता बाहेर गेली होती. "आपलंच गाव समजा. बुडालेलं हाय, पाय तेवढा जपून टाका."

आजीचं नाव राजाबाई. वाळून शेंगेसारखी झालेली, हिरवं लुगडं, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती हसली नाही. तिनं नकाशा एकदा नजरेखालनं घातला आणि चालू लागली. बाकीची माणसं कशी, ह्या घरावर पाय, त्या घरावर पाय, पोरं पाण्यात खेळावीत तशी. ही कुठं थांबलीच नाही. देवळापासनं सरळ खाली, घरं चुकवत, बोळातनं चालावं तशी चालत नदीपर्यंत गेली आणि शेवटच्या चौकटीवर उभी राहिली. एक नंबरवर.

शरणू तोवर पडद्यामागं पळालाच होता. हेडफोन कानाला.

"कोण हाय रं? चपला भायेर काढ!"

राजाबाईनं पायाकडं बघितलं. खरंच चपला होत्या पायात. तिनं त्या काढल्या, चौकटीबाहेर नीट जोडून ठेवल्या.

"काढल्या," ती म्हणाली. "कोण म्हंजी? मी हाय की. राजा."

आता इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण खाज ती खाज. शरणूनं बटण दाबलं आणि माईकमध्ये म्हाताऱ्याच्या धिम्या सुरात म्हणाला, "लई उशीर केलास."

तो पोट धरून हसायच्या तयारीत होता. पण राजाबाई दचकली नाही, किंचाळली नाही. ती हळूच खाली बसली. पदर डोक्यावरनं पुढं ओढला, नवीन लग्न झालेल्या बाईनं ओढावा तसा.

"व्हय," ती म्हणाली. "झाला खरा."

शरणूनं बटणावरचं बोट उचललं.

बाहेर चहाच्या गाड्यावर प्रियंकानं सगळं सांगितलं. आजीचा नवरा बिरप्पा. मेंढरं होती त्यांची. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळे वर आले, आणि एक गाभण मेंढी मागं राहिली म्हणून तो परत गेला. गेला तो गेला. ना माणूस मिळाला, ना मुडदा. मोठी माणसं म्हणाली, मुडदा घावल्याबिगर कुंकू कसं पुसायचं? प्रियंकाची आई तेव्हा पोटात. बरं, नवरा हाय म्हणून कुणी हिला हळदीकुंकवाला बोलवावं, तर तेही नाही. बाया म्हणायच्या, हिचं काय खरं न्हाय.

"आजीचं एकच हाय," प्रियंका म्हणाली. "मरायच्या आत मला कळू द्या, मी बायको हाय का रांडाव. म्हणती, तिरडीवर मला हिरव्यात न्यायची का पांढऱ्यात, हे तरी कुणी सांगा." ती थांबली. "काका, आज पहिल्यांदा ती हसली. तो आवाज कुणाचा लावलाय तुम्ही?"

शरणूनं चहाचा कप तोंडाला लावला. "आवाज व्हय? हायत… गावातल्यांचे."

खोटं बोलायला शरणूला कधी श्वास घ्यावा लागला नव्हता. त्या दिवशी लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव आला. अंकितानंच बोलावलं होतं, सगळं बरोबर आहे का बघायला. म्हातारा काठी टेकत घरं ओळखत गेला. कुणाच्या उंबऱ्यावर वाकून नमस्कार, कुणाच्या उंबऱ्यावर जुनी शिवी. खाली आला आणि थबकला.

"हे कुणाचं?"

"एक नंबर," अंकिता म्हणाली. "तुम्हीच सांगितलं असेल ना."

"मी कवा? हितं घर नव्हतं. नदीकाठाला कोन घर बांधंल? हितं वाडगं व्हतं, धनगराचं. मेंढरं बसायची. कडंला छप्पर घालून त्यो ऱ्हायचा, बायकूला घिऊन."

"मग मोजलं नाही तुम्ही?" शरणूनं विचारलं.

"वाडगं कशाला मोजायचं? सरकारनं बी मोजलं न्हाय, आमी बी न्हाय. त्ये आपलं असंच व्हतं."

शरणूनं चौकटीवरचा पाय मागं घेतला. लाभामुळं झालेली चूक, कॉम्प्युटरनं हवेत बांधलेलं घर, ते जाऊन बसलं होतं बरोब्बर अशा जागी, जिथं खरंच कुणीतरी राहत होतं आणि ज्याला कुणी मोजलंच नव्हतं. त्यानं मनाला समजावलं, शरण्या, नदीकाठाला दुसरी जागाच कुठली? योगायोग. देखाव्यातली पट्टी पण कधी कधी आपसूक बरोबर दाताला बसती.

"हिंदुरावांनी सांगितलं ना, घर नव्हतं," अंकिता म्हणाली. "काढून टाकू."

"राहू द्या की दोन दिवस," शरणूच्या तोंडून निघून गेलं. अंकितानं त्याच्याकडं बघितलं. शरणूभाऊंना कशाची विनंती करताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी राजाबाई पुन्हा आली. ह्या खेपेला फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी. ती एक नंबरवर जाऊन बसली, फडकं सोडलं, आणि प्रियंका बाहेर ऊन कमी व्हायची वाट बघत थांबली. शरणूनं शपथ घेतली होती, आज तोंड उघडायचं नाही. म्हाताऱ्याची टेपही त्यानं बंद केली, माईकचं बटण शून्यावर आणलं आणि हेडफोन लावून नुसता बसला.

"भाकर आनलीया," राजाबाई म्हणाली. "पयल्यासारकी पातळ हुत न्हाई आता. हात थरथरत्यात."

घर गप्प. हुंकार तेवढा आला, मशीनचा.

"पोरगी झाली व्हती. तुला ठावं न्हाय. तिची पोरगी हाय भायेर."

"व्हय," हेडफोनात कुणीतरी म्हणालं.

शरणूनं बटणाकडं बघितलं. शून्य. टेपकडं बघितलं. बंद. त्यानं खुर्चीवरनं उठून पडदा बाजूला केला. शेडमध्ये राजाबाई एकटी भाकरीचा तुकडा मोडत होती. तिला ऐकू आलं असावं, नसावं. ती आपल्या नादात बोलतच होती.

"कुत्रं जेवलं का?" हेडफोनात आवाज. अगदी बारीक, पाण्यातनं यावा तसा. "काळं कुत्रं. बांधलं व्हतं ना तू?"

तोच आवाज. शरणूनं स्वतः मुरवलेला, स्वतः विहिरीत उतरवलेला. पण शब्द त्याचे नव्हते. काळ्या कुत्र्याचं त्याला काय माहीत?

पहिल्यांदा त्याला राग आला. कुणीतरी त्यालाच गंडवत होतं! गुरूची विद्या गुरूला! तो तडक उठला, अंकिताच्या केबिनमध्ये बघितलं, वायरिंगच्या पोरांना मागच्या शेडमध्ये गाठलं.

"कोण बोललालाय बे माईकवर?"

पोरं एकमेकांकडं बघून फिसकन हसली. "आज काय नवीन काका? आम्ही फसणार नाय हां."

"आयची आण, मी खरं सांगायलोय."

पोरं आणखी हसली. शरणूनं तोंड मिटलं. ह्यांच्या जागी आपण असतो तर आपण काय केलं असतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

परतून आला तोवर राजाबाई निघाली होती. भाकरीचा अर्धा तुकडा चौकटीच्या कडेला ठेवलेला. जाता जाता ती शरणूला म्हणाली, "बाबा, आज त्यो कमी बोलला रं. का माजंच कान गेल्यात? डाव्यानं तर काय बी येत न्हाय."

संध्याकाळी शरणूनं अंकितापुढं सगळं मांडलं. लाभाची चूक, म्हातारा, माईक, उशीर केलास, सगळं. आजचं काळं कुत्रं मात्र सांगायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

अंकितानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला वाईट काय वाटलं सांगू? तुम्हाला हे सुचलं ह्याचं नाही. सुचतंच तुम्हाला. ती बसली खाली, तेव्हा बाहेर येऊन सांगितलं का नाही?"

"जीभ उचलली न्हाय."

"आता उचला. उद्या ती आली की तिला खरं सांगा. मग मी ते घर काढते. लोक इथं खरं गाव बघायला येणार आहेत, शरणूभाऊ."

"सांगतो," शरणू म्हणाला, आणि अंकिताला खोटं वाटू नये म्हणून स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला. तिनं हसावं असं त्याला वाटत होतं. ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी राजाबाई आली तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू रोजच्यापेक्षा मोठं होतं. काहीतरी ठरवून आल्यासारखं. ती एक नंबरवर जाऊन ताठ बसली. शरणू तिच्याशी बोलायला निघालाच होता, पण पाय आधी पडद्यामागं गेले. शेवटचं एकदा बघू. त्यानं आपल्या माईकची वायर मुळापासनं उपटली आणि ते टोक हातात घट्ट धरून ठेवलं, सापाचं तोंड धरावं तसं. मग हेडफोन लावला.

"आता मी तुला एकच इचारती," राजाबाई म्हणाली. आवाज थरथरत नव्हता. "माजं वय झालं. माजी लोकं मला इचारत्यात, मी काय सांगू? तू हाईस का गेलास? एकदा सांगून टाक. हाईस म्हनलास तर हाईस. गेलास तर गेलास. मी काय रागावनार न्हाय."

शेडवरचा पत्रा उन्हानं कडकड वाजला. वरचा निळा उजेड तिच्या पाठीवर हलत होता. हेडफोनात आधी काहीच नाही. मग पाणी कुठंतरी आत, खोल, दगडाला लागावं तसा आवाज. आणि मग:

"गेलो न्हाय गं. हितंच हाय. लई गार लागतंय."

शरणूच्या हातातलं वायरचं टोक गळून पडलं.

"आँ?" राजाबाई म्हणाली. तिनं उजवा कान चौकटीकडं वाकवला. "काय म्हनलास? मोट्यानं बोल की."

काहीच आलं नाही.

"ए धनी. आँ?"

ती तशीच वाकून राहिली, चुलीवरच्या भाताला कान लावावा तशी. शरणूला तिच्या पाठीचा कणा चोळीखालनं दिसत होता. तो बाहेर आला. चपला काढल्या आणि तिच्यासमोर चौकटीच्या कडेला मांडी घालून बसला.

"अव्वा," तो म्हणाला. "मला काय तरी सांगायचंय."

आणि त्यानं सांगितलं. हे घर चुकून झालंय. पहिला आवाज मी बनवला, सात जणांचा खोकला मिसळून. उशीर केलास म्हणालो तो मी. त्या पडद्यामागनं. मला मस्करीची खोड हाय, अव्वा, कुत्र्याच्या शेपटासारखी. पाया पडतो.

राजाबाईनं सगळं ऐकलं. मधे एकदा तिनं मान हलवली, कुणाच्या तरी पोरानं चूल पाडली हे ऐकावं तशी. मग म्हणाली, "त्ये पयल्या दिवसाचं झालं. आनि काल?"

शरणू चौकटीची कड बोटानं चाचपू लागला.

"काल बी तू?"

"न्हाय."

"आनि आत्ता?"

"न्हाय अव्वा. वायर काढलेली हाय. शपथ."

"मग त्यो बोलला."

शरणूनं मान खाली घातली. जन्मभर खोटं खरं करून दाखवलेला माणूस, आज पहिल्यांदा त्याला खरं सांगायचं होतं, आणि ते खऱ्यासारखं दिसत नव्हतं. पण राजाबाई हसली नाही. साऱ्या सोलापुरात शरणूवर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस.

ती पुढं सरकली. तिनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात बिड्या वळून वळून कागदासारखा झालेला.

"मला नीट ऐकू आलं न्हाय," ती म्हणाली. "तुज्या कानाला यंत्र हाय. तू ऐकलंस. काय म्हनला त्यो?"

शरणूनं वर बघितलं. कुंकू. त्याच्याखाली दोन डोळे, ज्यांना फक्त एका शब्दाचं काम होतं. हाय म्हटलं की ही उठंल, हिरव्यात जाईल. पण हाय म्हटलं की पुढचंही सांगावं लागंल. गार लागतंय. मग हिला रात्री अंगावर पांघरूण घेता येईल का? म्हातारपणी एकेक घोट पाणी पिताना काय वाटंल? आणि नुसतं अर्धं सांगून उरलेलं आपण गिळावं, तर ही बाई त्याचा चेहरा बघूनच उरलेलं ओढून काढील. तिनं मनगट सोडलेलं नव्हतं.

त्याच्या जिभेवर लई गोष्टी आजवर सहज आल्या होत्या. ही यायला वेळ लागला.

"म्हनला…" शरणू म्हणाला, "गेलो. कवाच गेलो, म्हनला. सुखात हाय."

राजाबाईनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग हळूहळू तिची पकड सैल झाली. तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं, ओलं केलं, आणि कपाळ पुसलं. एकदा. दोनदा. कुंकू एवढ्या वर्षांचं, कातडीत गेलेलं, ते पुरतं निघेना. तिसऱ्यांदा तिनं जोरानं घासलं आणि तिथं नुसती लाल जागा राहिली, भाजल्यासारखी.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं, पान्यातच ऱ्हायला का काय. लई थंडी व्हती त्या साली."

शरणूनं डोळे मिटून घेतले.

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, पण हलकी झाल्यासारखी. दारात तिनं प्रियंकाला सांगितलं, "चल. आता पांढरं लुगडं बगाया लागंल." प्रियंकानं तिचं कपाळ बघितलं आणि हंबरडा फोडला. म्हातारी तिची पाठ थोपटत राहिली. स्कूटी धूळ उडवत गेली. शरणू शेडच्या दारात उभा होता आणि त्याला मागनं, हेडफोन कानाला नसताना, पाणी दगडाला लागल्यासारखा आवाज येत होता. म्हणजे बिरप्पानं ऐकलं होतं. आपण जिवंत नाही म्हणून शरणूनं सांगितलेलं, आणि तिनं कुंकू पुसलेलं. तिथंच तर होता तो.

संध्याकाळी अंकितानं एक नंबर काढून टाकला. स्पीकर, माईक, पट्टी सगळं. चादरीतली चौकट तेवढी राहिली, ती विणलेलीच होती. "शाबास शरणूभाऊ," ती म्हणाली. "अवघड होतं." शरणूनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. शरणू नव्या पेठेत गेला आणि एका घोंगड्यांच्या दुकानात शिरला.

"जाडातलं दाखवा. धनगरी. काळं."

दुकानदार ओळखीचा. "काय शरणूभाऊ, मे महिन्यात घोंगडं? कोण सापडलंय ह्या खेपेला?"

"हाय एक जण," शरणू म्हणाला.

त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि स्टुडिओत आला. उद्घाटनाची गडबड, माळा लावणं चाललेलं. तो सरळ नकाशावरनं खाली गेला, घरं चुकवत, बोळातनं चालावं तसा. नदीच्या तोंडाशी त्यानं घोंगडं उलगडलं, रिकाम्या चौकटीवर अंथरलं, आणि कडा आत खोचल्या. लेकराच्या खोचतात तशा.

वायरिंगची पोरं हातातली कामं टाकून बघायला लागली. अंकिताही केबिनमधनं बाहेर आली.

"हे काय आता?"

"त्याला थंडी वाजतीया," शरणू म्हणाला.

एक क्षण सगळे थांबले, पुढचं वाक्य येतंय म्हणून. मग पोरांनी टाळ्या दिल्या, अंकितानंही मान हलवून हसून घेतलं. शरणूही थोडा हसला, त्यांनी आणखी काही विचारू नये म्हणून. आणि मग वाकून त्यानं घोंगड्यावर हात ठेवला. मेच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ते खालनं ओलं व्हायला लागलं होतं.